एका वेळी एकच

श्रुतिका राणेला रांगेचा मनस्वी तिटकारा. देवळात गर्दी दिसली तर ती बाहेरूनच कळसाला हात जोडून घरी परत यायची. त्यामुळे विमानतळावर आपोआप उघडणारी इमिग्रेशन गेटं आली आहेत, बोटांचे ठसे आणि चेहरा एकदा नोंदवला की पासपोर्ट टेकवून सरळ आत, असं ऐकल्याबरोबर तिने तिघांचीही नोंदणी प्रवासाच्या महिनाभर आधी उरकून टाकली. तिघं म्हणजे ती, नवरा नितेश आणि सासू रत्नप्रभा.

सासूचं वय एकाहत्तर. गुडघ्यांची वाट लागलेली, हृदयात एक स्टेंट. आजवर विमान पाहिलं ते मुलुंडच्या गच्चीवरून, मान वर करून. पण लेक समीक्षा परदेशात बाळंत झाली आणि म्हातारीने हट्टच धरला. "नात बघल्याशिवाय मी काय मरूचंय नाय!" नितेश दोनदा नाही म्हणाला. तिकडे आईला काही झालं तर काय करणार, या भीतीने त्याची झोप उडाली होती. शेवटी श्रुतिकाच मध्ये पडली. म्हणाली, "मी नेते आणि मीच परत आणते. धडधाकट. माझ्यावर सोड ना यार."

सासू-सुनेचं रोज वाजायचं, पण ते भांड्याला भांडं लागावं तसं. श्रुतिकाची स्वतःची आई लहानपणीच गेली होती. ताप आला की कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवणारं माणूस तिला या घरात पहिल्यांदा मिळालं. ते माणूस सुखरूप घरी परत आणायचं, एवढीच तिची या प्रवासातली खरी चिंता होती.

निघायच्या तीन दिवस आधी, बुधवारी, खालच्या मजल्यावरचे साटम गेले. चंद्रप्रकाश साटम. उंच माणूस, जिना उतरताना वाकून उतरायचा. नितेशने खांदा दिला. शेजाऱ्यांना सुतक लागत नाही, तिकिटं काढलेली, त्यामुळे जाणं रद्द करायचा प्रश्नच नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी श्रुतिका लॅपटॉप घेऊन बसली. जिथे उतरायचं त्या देशाचा आगमनाचा फॉर्म आता ऑनलाइन भरावा लागतो. देशाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाची तिकिटं रद्द व्हायची.

"एकूण प्रवासी किती?" तिने मोठ्याने वाचलं.

"चार लिव," सासू लसूण सोलता सोलता म्हणाली.

"आई, आपण तीन आहोत."

"म्हणानच सांगतंय. तिगांनी भायर पडूचा नसता. तीन तिगाडा, काम बिगाडा. निघताना चवथो धोंडो घेवचो, थंय पोचल्यावर टाकून देवचो. माझ्या आवशीन शिकवल्यान."

"मग धोंड्याचा पासपोर्ट नंबर काय टाकू?"

नितेश सोफ्यावरून खो खो हसला. श्रुतिकालाही चेव आला, तिने गमतीत 'चार' टाकलं. पहिल्या तिघांची माहिती भरून झाल्यावर चौथ्याचं कोरं पान उघडलं. ती मागे जायला गेली तर स्क्रीन अडकली. वैतागून तिने सगळं बंद केलं, नव्याने उघडलं आणि या वेळी मुकाट्याने तिघांचाच फॉर्म भरला.

दहा मिनिटांनी मेल आली. त्यात चार क्यूआर कोड होते. तिघांवर नावं होती. चौथ्यावर नाव नाही, पासपोर्ट नंबर नाही, नुसती जन्मतारीख होती, ९ ऑक्टोबर १९५८.

"ही तारीख कुणाची रे?"

"सिस्टमची काहीतरी गडबड असणार," नितेश म्हणाला. "आपले तीन आलेत ना? मग सोड ना."

शनिवारी सकाळी आठला टॅक्सी आली. बॅगा चढल्या, आणि सासूबाईंना ऐन वेळी आठवलं की चौथा घ्यायचा राहिला. ती लंगडत सोसायटीच्या भिंतीकडे गेली. तिथे आंब्याच्या बुंध्याशी एक खड्डा आहे, त्यात पाला साठतो. तिने वाकून पाला चाळवला आणि एक काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा खडा उचलला. पदराने पुसला.

"चल रे बाबा आमच्यावांगडा," ती त्या खड्याला म्हणाली. "चवथो तू."

टॅक्सीत ती मागे मधोमध बसली होती. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला. पवईपाशी ती श्रुतिकाला म्हणाली, "जरा सरक गे. माका चेपता हय."

श्रुतिका दाराला टेकूनच बसली होती. नितेश पुढे ड्रायव्हरशेजारी. सासूच्या दुसऱ्या बाजूला सीट रिकामी होती.

"आई, त्या बाजूला सरका ना, तिथे जागा आहे."

सासूने त्या बाजूला पाहिलं, पण जागची हलली नाही.

विमानतळावर ती नवी गेटं एका कोपऱ्यात होती. रांग नाही, गडबड नाही. पुढे एक काचेचं दार, मागे एक काचेचं दार, मध्ये एका माणसापुरती जागा. पासपोर्ट टेकवला की पहिलं दार उघडतं, आत उभं राहून कॅमेऱ्याकडे बघायचं, बोट ठेवायचं, की पुढचं दार उघडतं. नितेश पाच सेकंदांत पार झाला. मग सासू. श्रुतिकाने तिला तीनदा समजावलं होतं. म्हातारी आत गेली, मागचं दार लागलं.

आणि लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली. एका वेळी एकच व्यक्ती.

सासू एकटीच होती. श्रुतिका मागच्या काचेतून बघत होती, आत दुसरं कुणी मावलंही नसतं. दार उघडलं, सासू बाहेर आली, पुन्हा आत गेली. पुन्हा लाल. एका वेळी एकच व्यक्ती. बाजूला उभी असलेली अधिकारी बाई आली, तिने खाली वाकून सासूच्या पायांमागे पाहिलं, पर्स बघितली.

"यांच्यासोबत लहान मूल आहे का?"

"नाही हो."

"मशीन दोन माणसं मोजतंय." ती बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काउंटरवर या, हाताने करून देते."

काउंटरवर दोन मिनिटांत काम झालं. श्रुतिका मनात म्हणाली, एवढं महिनाभर आधी केलं आणि म्हातारीला शेवटी रांगेतच उभं केलं. तिला नुसता राग आला होता. भीती अजून नव्हती.

भीती आली ती तिकडे उतरल्यावर, तीही हळूच. तिकडची गेटंही आपोआप चालणारी. नितेश गेला, श्रुतिका गेली, सासू गेली. तिघं पलीकडे उभी राहून पर्स, पासपोर्ट आवरत होती, तेवढ्यात सासू आली त्याच गेटचं दार पुन्हा उघडलं. मागे कुणीच नव्हतं. हिरवा दिवा लागला, कुणी सावकाश चालत यावं एवढा वेळ दार उघडं राहिलं, आणि लागलं. अंगावरून वारा गेला. त्याला वास होता, ओल्या राखेचा. श्रुतिकाच्या हातावर सर्रकन काटा आला. तिने कुणाला सांगितलं नाही.

बाहेर पडताच सासूने रिवाजाप्रमाणे खडा काढून दाराजवळच्या मोठ्या कुंडीत टाकला. "पोचलव बाबा. आता तुझो तू."

दोन दिवस बरे गेले. नात मांडीवर घेऊन सासू दिवसभर ओव्यांसारखं काहीतरी गुणगुणत बसायची. सोमवारी दुपारी श्रुतिकाच्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज आला. साटमांच्या मुलाने, परेशने टाकला होता.

'नमस्कार. बाबांचा जीवखडा आंब्याच्या बुंध्याशी पांढऱ्या कापडात बांधून ठेवला होता. कापड कावळ्यांनी ओढून नेलेलं सापडलं, खडा सापडत नाही. कुणी चुकून उचलला असल्यास कृपया परत ठेवावा. शुक्रवारी दहावं आहे.'

चितेपाशी खांद्यावरचं मडकं ज्या दगडाने फोडतात, तो जीवखडा. गेलेलं माणूस दहा दिवस त्यात असतं म्हणतात. घरात आणत नाहीत, बाहेरच झाडाशी ठेवतात आणि दहाव्याला पाण्यात सोडतात.

मेसेजखाली परेशने दहाव्याचं निमंत्रण लावलं होतं. हार घातलेला फोटो, आणि फोटोखाली, कै. चंद्रप्रकाश साटम, जन्म ९ ऑक्टोबर १९५८.

श्रुतिकाने सासूला खोलीत नेऊन दार लावलं आणि मोबाइल पुढे धरला. सासूने चष्मा लावून सगळं वाचलं. मग चष्मा काढला.

"मी तेका हाक मारलंय," ती म्हणाली. "हाक मारून आणलंय आणि परमुलखात टाकून दिलंय. काय केलंय गे मी ह्या..."

"आई, तुम्हाला काय माहीत..."

"मेलेल्या माणसाक माहीत नसता, आपणाक माहीत नव्हता म्हणान."

नितेशला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याच संध्याकाळी तो आणि श्रुतिका विमानतळावर गेले. शोधावा लागेल, कुंडी झाडली गेली असेल, असल्या शंका घेऊन गेले होते. खडा कुंडीच्या कडेवर ठेवलेला होता. मातीत टाकलेला खडा, पुसून, कडेवर. श्रुतिकाने रुमालात घेतला. तो कोमट होता.

खडा आपल्याकडे आहे, दहाव्याच्या आत आणतो, असं नितेशने परेशला कळवलं. गुरुवारी परतीचं विमान. मुंबईत उतरले तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. सगळीकडे लख्ख दिवे, माणसांची वर्दळ. खडा श्रुतिकाने मुद्दामच स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता. काय व्हायचं ते आपल्याला होवो, सासूला नको. ती सरळ साध्या काउंटरच्या रांगेकडे वळली. जन्मात पहिल्यांदा तिला रांग हवीशी वाटली.

सासूने तिचा दंड धरला. "त्या काचेतूनच जावया."

"नको हो आई!"

"ऐक माझा. जाताना तो माझ्यावांगडा अडाकलो. हंयसून काय तो सुटाक नाय. दे तो हंय." तिने हात पुढे केला. "मी बोलवलंय तेका, मीच पोचवतलंय."

"तुमच्या जिवाला काही झालं तर मी काय करू?" श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय होवचा नाय माका. दे."

श्रुतिकाने खडा दिला. इथेच चुकलं असं तिला आजही वाटतं.

नितेश पुढे गेला, पार झाला. सासू आत शिरली. मागचं दार लागलं. लाल दिवा. एका वेळी एकच व्यक्ती. या वेळी मागचं दार मात्र उघडलं नाही. म्हातारी दोन काचांच्या मध्ये, मुठीत खडा घेऊन उभी होती. श्रुतिका काचेला कान लावून उभी राहिली. आतला आवाज अगदी पुसट येत होता.

"चंद्रप्रकाश... तू पुढे हो रे बाबा. तुझी माणसा वाट बघतत. मी मागसून येतंय..."

काचेवर वाफ धरली होती. सासूच्या तोंडासमोर एक गोल. आणि तिच्या डोक्याच्या वर, हातभर वर, दुसरा गोल. तो वाढायचा, आटायचा, पुन्हा वाढायचा. कुणीतरी उंच माणूस शांतपणे श्वास घेत होता.

मग पुढचं दार उघडलं. सासू जागेवरून हलली नव्हती. हिरवा दिवा लागला, दार थोडा वेळ उघडं राहिलं आणि लागलं. काचेवर एकच गोल उरला. पण तो वरचा होता. खालचा पुसून गेला होता.

श्रुतिकाने काचेवर मुठी आपटल्या. "आई! आई!" एक अधिकारी धावत आला, किल्ली लावून मागचं दार उघडलं. सासू वळून बाहेर आली. चेहरा शांत. घाम नाही, धाप नाही. श्रुतिकाने तिला मिठी मारली. म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण कसा ठेवावा हे कळत नसल्यासारखा.

अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं आणि तो गोंधळला.

"या तर आत गेल्यात. चार वाजून बारा मिनिटं. हा बघा फोटो."

फोटो सासूचाच होता. कॅमेऱ्याकडे बघत होती, डोळे विस्फारलेले, तोंड अर्धवट उघडं. काहीतरी सांगायला गेलेली दिसत होती.

"मग ह्या कोण?" अधिकारी हसत म्हणाला. गंमतच केली त्याने. दुसरी नोंद हाताने केली, शिक्का मारला आणि त्यांना सोडून दिलं.

टॅक्सीत सासू खिडकीशी बसली आणि मुलुंड येईपर्यंत बाहेर बघत राहिली. गुडघ्यांबद्दल एकदाही कुरकुरली नाही. नितेश खूश होता. "बघ, आईला परदेश मानवला!" गेटबाहेर येताच सासूने खडा परत दिला होता, तो श्रुतिकाच्या पर्समध्ये होता. कोमटपणा गेला नव्हता. उलट आता तो हातात धरला की ठोके लागल्यासारखे वाटायचे. आपलीच नाडी असेल, तिने स्वतःला समजावलं.

शुक्रवारी सकाळी दहावं झालं. खडा आपल्या हाताने द्यायचा म्हणून श्रुतिकाही तलावाकाठच्या घाटावर गेली. सासू आली नाही, दमलेय म्हणाली. गुरुजींनी विधी केले, पिंड मांडला, सगळे दूर सरले. समोरच्या वडावर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना.

परेशने हात जोडले. "बाबा, आईला मी अंतर देणार नाही." कावळे नुसते बघत राहिले. "बाबा, ताईशी अबोला सोडतो." काही नाही. काका बोलले, मेहुणे बोलले, मित्र बोलले. ऊन चढलं. तास झाला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला, म्हणाले, "हा शिवला की सुटतो आपण."

"वहिनी," परेश हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही एकदा माफी मागून बघता का? तुमच्याकडून बाबा इतके दिवस..."

श्रुतिका पुढे गेली. साटमकाका, चुकलं आमचं, असं म्हणायचं तिने ठरवलं होतं. पिंडाजवळ खडा ठेवला होता. तिने तो पाहिला आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं, ओठातल्या ओठात.

"आई... तुम्ही आहात का इथे?"

वडावरचे सगळे कावळे गप्प झाले.

ती खाली बसली. तोंडावर पदर धरून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती बोलू लागली. "आई, मला माफ करा. मी तुम्हाला आत जाऊ द्यायला नको होतं. तुम्ही नितेशची काळजी करू नका. मी आहे. तो लहान मुलासारखाच आहे, मी त्याला सांभाळीन. समीक्षाच्या मुलीला तुमची मालवणी शिकवीन मी. येत नाही मला नीट, पण शिकवीन. तुम्ही अडकून राहू नका, आई..."

पंखांचा आवाज झाला. एक कावळा सरळ तिच्यासमोर उतरला आणि पिंडाला चोच लावली.

"सुटले! सुटले!" मागे गलका उठला. परेश रडत रडत हसत होता. त्याने खडा उचलला आणि पाण्यात सोडला. श्रुतिका ओरडणार होती, थांबा म्हणणार होती. पण थांबवून सांगणार काय आणि कुणाला?

"वहिनी, असं काय बोललात हो बाबांशी?" परेशने विचारलं. नितेश जवळच उभा होता, त्याचे डोळे भरून आले होते. तोही शेजाऱ्यासाठीच रडत होता.

घरी आली तर दाराची कडी आतून. बेल वाजवली तेव्हा वनमालाकाकूंनी दार उघडलं. साटमांची बायको. नवऱ्याच्या दहाव्याच्या दिवशी, स्वतःचं घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, त्या वर येऊन बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा उजळलेला. सासू खुर्चीत बसली होती. वनमालाकाकू परत जाऊन तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. आधीपासूनच घेतलेला असावा.

"कावळा शिवला का गं?" त्यांनी विचारलं.

"शिवला."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बघा," वनमालाकाकू खुर्चीकडे बघत हलकेच म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, उगाच घाबरत होतात."

याला आता तीन महिने झाले. रत्नप्रभाबाईंची तब्येत छान आहे, डॉक्टरही चकित झालेत. वनमालाकाकू रोज दुपारी येतात. खोलीचं दार आतून लावून घेतात आणि तासन्‌तास दोन आवाजांत कुजबुज चालते, मधूनच हसू फुटतं. आईला या वयात सोबत मिळाली म्हणून नितेशला फार बरं वाटतं. श्रुतिका चहाचे दोन कप दाराबाहेर ठेवते, आणि मग बाल्कनीत जाऊन समीक्षाच्या मुलीला फोनवर मालवणी शिकवत बसते.